चाळीस हजारांचं काम निघालं: जुनी गाडी दुरुस्त करावी की नवी घ्यावी?

पोळ्याच्या आदल्या दिवशी बीडहून अंबाजोगाईला परत येत होतो. मांजरसुंब्याच्या घाटात गाडीचा काटा लाल रेषेला टेकला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ निघायला लागली. गाडी बाजूला घेतली, तासभर थांबलो, पाणी घातलं आणि रडतखडत घरी आणली. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी कागदावर खर्च लिहून दिला: रेडिएटर, वॉटर पंप, क्लच, पुढचे दोन्ही शॉकअप आणि बुश, एसीचा पाइप. एकूण ४२,००० रुपये.

गाडी मार्च २०१२ ची. बाजारात आज तिला लाखभर मिळतील. घरात लगेच चर्चा सुरू झाली. लाखाच्या गाडीत बेचाळीस हजार कुणी घालतं का? त्यात आठवडाभरापूर्वीच, १५ ऑगस्टला, पंतप्रधानांनी जीएसटी कमी होणार असं सांगितलं होतं. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा कर खरंच १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे हा प्रश्न फक्त आमच्या घरापुरता राहिला नाही. स्टाफरूममध्ये, मोंढ्यात, लग्नाच्या मांडवात जो तो हेच विचारतो आहे. मी गणित शिकवतो, म्हणून हा हिशोब नीट मांडून पाहिला. तो मांडताना लक्षात आलं की आपण बहुतेक जण सुरुवातच चुकीच्या प्रश्नापासून करतो.

हिशोब कुठे चुकतो

"गाडीची किंमत लाख, काम बेचाळीस हजारांचं, म्हणजे परवडत नाही." हे वाक्य ऐकायला बरोबर वाटतं. पण यात दोन अशा गोष्टींची तुलना आहे ज्यांचा एकमेकींशी संबंध नाही. गाडीची बाजारातली किंमत म्हणजे ती विकली तर हातात येणारे पैसे. आपल्याला ती विकायची नाही, तिच्यातून फिरायचं आहे. मग तुलना करायची ती अशी: हे बेचाळीस हजार घालून किती वर्षं निघतील, आणि तीच वर्षं दुसऱ्या गाडीतून काढायची म्हटलं तर किती खर्च येईल?

याच्या उलट टोकाची चूकही होते. "मागच्या वर्षीच टायर टाकले, बॅटरी टाकली, आता कशी सोडायची?" आपल्याकडे बोअरच्या बाबतीत हे किती घरांत घडलंय. तीनशे फुटांवर पाणी लागलं नाही, आता एवढे पैसे गेलेच आहेत तर अजून दोनशे फूट जाऊ द्या. जमिनीला आपण आधी किती पैसे घातले हे ठाऊक नसतं. पाणी असेल तर लागेल, नसेल तर नाही. गाडीचंही तसंच. टायरला घातलेले पैसे गेले. आज निर्णय घेताना ते धरायचे नाहीत, इथून पुढचा खर्च तेवढा धरायचा.

घसारा: न दिसणारा खर्च

या लेखात एकच जड शब्द वापरतो, घसारा. वस्तू वापरताना तिची किंमत दरवर्षी जेवढी उतरते, तो घसारा. याची पावती कुणी देत नाही, म्हणून तो खर्च वाटत नाही. मिस्त्रीला दिलेले बेचाळीस हजार खिशातून जाताना दिसतात. नवी गाडी अंगणात उभ्या उभ्या त्याहून जास्त पैसे गमावते, ते दिसत नाही.

विमा कंपन्या हा घसारा उघडपणे मोजतात. नवी गाडी सहा महिन्यांची झाली की ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के किंमत त्यांच्या कोष्टकात उतरलेली असते. म्हणजे पाच वर्षांत निम्मी. बाजारभाव याहून थोडा वेगळा असतो, पण अंदाजाला हे कोष्टक पुरेसं आहे.

आकडे मांडून पाहू

जुनी गाडी आधी घेऊ. समजा बेचाळीस हजारांच्या कामानंतर ती तीन वर्षं चालेल. म्हणजे वर्षाला १४,०००. शिवाय किरकोळ दुरुस्ती आणि सर्व्हिसिंग वर्षाला १२,००० धरू. फक्त थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणारा) ठेवला तर १००० ते १५०० सीसीच्या गाडीला ३,४१६ रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे ४,००० च्या आसपास. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर फेरनोंदणी, कर, पासिंगची धावपळ मिळून दहा हजार धरले तर वर्षाला ३,००० पडतात. आणि तीन वर्षांत गाडी लाखावरून पंचावन्न हजारांवर आली, तर घसारा वर्षाला १५,०००. सगळं मिळून वर्षाला ४८,०००.

आता नवी. रस्त्यावर येईपर्यंत आठ लाख. त्यातले दोन लाख रोख, सहा लाख कर्ज, साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी. हप्ता बसतो सुमारे १२,६०० रुपये. पाच वर्षांत नुसतं व्याज १,५६,००० च्या घरात, म्हणजे वर्षाला ३१,०००. आठ लाखांची गाडी चार लाखांवर आली तर घसारा वर्षाला ८०,०००. विमा सरासरी १८,०००, सर्व्हिसिंग ८,०००. बेरीज १,३७,०००.

फरक वर्षाला ८९,००० रुपयांचा. तोही दोन्हीकडचं पेट्रोल सोडून, त्याकडे पुढे येतो. हे आकडे माझ्या गाडीचे आहेत. तुमचे वेगळे असतील, कागद-पेन घेऊन तुमचे मांडा. पण इतक्या फरकामुळे एक गोष्ट कळते: मिस्त्रीचा आकडा बेचाळीसऐवजी ऐंशी हजार असता, इंजिन उघडून रिंग-पिस्टन बदलायची वेळ आली असती, तरी पैशाच्या हिशोबात जुनीच गाडी जिंकली असती. म्हणून मला वाटतं, "पैसे वाचवायला नवी गाडी घेतोय" हे वाक्य जवळजवळ कधीच खरं नसतं. नवी गाडी घ्यायची कारणं दुसरी आहेत, आणि ती अगदी योग्य असू शकतात.

चार-पाच वर्षं वापरलेली गाडी घेतली तर खर्च या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी पडतो, कारण घसाऱ्याचा मोठा घाव पहिल्या मालकाने सोसलेला असतो. पण आपल्या गाडीचा रोग आपल्याला माहीत असतो, दुसऱ्याच्या गाडीचा नसतो. ती घ्यायचीच असेल तर आपला मिस्त्री बरोबर न्यावा.

माती ढासळली की तुळई कुजली?

ज्यांचं बालपण माळवदाच्या, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत असलेल्या घरात गेलंय त्यांना पुढचं पटकन समजेल. पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती टाकायची, चोपून बसवायची, पाणी पन्हाळाकडे उतरेल असा उतार करायचा. हे दर वर्षाचं काम. त्यावर कुणी "आता घरच पाडू" म्हणत नसे. पण एखाद्या वर्षी माती काढताना तुळईवर पहार टेकवली आणि ती भुसभुशीत लागली, की घरातली मोठी माणसं गप्प व्हायची. वाळवी लागलेल्या तुळईवर कितीही चांगली माती टाकली तरी उपयोग नाही.

गाडीत क्लच, शॉकअप, ब्रेक, रेडिएटर, बॅटरी, टायर, एसी ही सगळी माती आहे. झिजणार, बदलावी लागणार. इंजिन आणि गिअरबॉक्स मधल्या जागी येतात: महाग, पण दुरुस्त होणारे. आणि तुळई म्हणजे गाडीचा सांगाडा. तो गंजला किंवा अपघातात वाकला असेल तर तिथे थांबायचं.

आमच्या मिस्त्रींनी गाडी वर घेतली आणि जाड स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने खालून ठोकत ठोकत पुढून मागे गेले. दाराखालची पट्टी, जॅक लावायची जागा, मागच्या चाकाच्या वरचा भाग. टणटण आवाज येत होता. शेजारी दुसरी एक गाडी उभी होती, तिची काही वर्षं कोकणात गेली होती. तिला त्याच जागी ठोकलं तर भद्द आवाज आला आणि गंजाचे पापुद्रे त्यांच्या तळहातावर पडले. हात माझ्यापुढे धरून म्हणाले, "गुरुजी, हिच्यात आता पत्रा न्हाई राहिला, नुसता रंग हाय. तुमची लई चालंल अजून." मराठवाड्याच्या कोरड्या हवेचा एवढा एक फायदा आहे. आपल्याकडे गाड्या किनारपट्टीपेक्षा सावकाश गंजतात.

पण पाणी आपल्याला दुसरीकडून मारतं. त्यांनी माझा जुना रेडिएटर कापून दाखवला. बंबाच्या आत जमतो तसाच पांढरा टणक थर आतल्या बारीक नळ्यांत बसला होता. कित्येक नळ्या पूर्ण बंद. वर्षानुवर्षं कूलंट संपलं की आम्ही बोअरचं पाणी ओतत आलो होतो, आणि त्या पाण्यातले क्षार तिथे साचत गेले. मांजरसुंब्याच्या घाटातली वाफ त्यातून आली. कूलंटचा डबा काही शे रुपयांना मिळतो.

गॅरेजला जाण्याआधी दोन गोष्टी स्वतः पाहता येतात. इंजिन थंड असताना ऑइलचं झाकण उघडा. आतून दुधाच्या चहासारखा फेसाळ रंग दिसला तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असण्याची शक्यता आहे, बहुतेकदा हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील) गेलेलं असतं. आणि धूर पाहा. निळसर असेल तर इंजिन ऑइल खातंय. गरम झाल्यावरही पांढरा दाट धूर येत राहिला तर कूलंट जळतंय. काळा म्हणजे इंधन नीट जळत नाही, आणि हे काम सहसा स्वस्तात होतं.

"पण नवी गाडी अॅव्हरेज जास्त देते ना?"

देते. आता पेट्रोल हिशोबात घेऊ. जुनी लिटरला १५ आणि नवी २० देत असेल, वर्षाला ८,००० किलोमीटर फिरणं असेल, तर १३३ लिटर वाचतात. १०५ रुपये भाव धरला तर १४,००० रुपये. परभणीकरांना थोडे जास्त वाचतील, कारण राज्यातलं सर्वांत महाग पेट्रोल भरण्याची वेळ त्यांच्यावर कित्येकदा आली आहे. पण ८९,००० चा फरक त्यातून भरून निघत नाही. वर्षाला २५,००० किलोमीटर फिरणाऱ्याचे ४४,००० वाचतात, म्हणजे साधारण निम्मा फरक. रोजचा लांबचा प्रवास असेल तर पारडं नव्या गाडीकडे झुकायला लागतं ते इथे.

"आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे, जुन्या गाडीचं इंजिन जाईल"

पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यातलं काही आपल्याच लातूर-धाराशिवच्या उसातून आलेलं असेल. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे अॅव्हरेज थोडं पडणार हे उघड आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या बनावटीच्या चारचाकींसाठी ही घट ६ ते ७ टक्के धरलेली होती. दुसरा मुद्दा रबराचा: जुन्या गाड्यांतले इंधनाचे पाइप, सील, गॅस्केट या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये म्हटलं की काही जुन्या गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर असे भाग बदलावे लागू शकतात. हे काम काही हजारांचं आहे. तेवढ्यासाठी गाडी विकू नका, पण दर सर्व्हिसिंगला इंधनाचे पाइप तपासायला सांगा. पाइपला चिरा दिसल्या तर त्याच दिवशी बदला, कारण गरम इंजिनाजवळ गळणारं पेट्रोल म्हणजे आगीला निमंत्रण.

"पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात जाते म्हणे"

हा समज दिल्लीच्या बातम्यांमुळे पसरला. दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरचे निर्बंध दिल्ली आणि आसपासच्या प्रदेशासाठी आले, तिथल्या प्रदूषणामुळे. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर गाडी आरटीओत तपासून घ्यायची, पर्यावरण कर भरायचा, आणि पुढची पाच वर्षं मिळतात. मग पुन्हा पाच. एप्रिल २०२२ पासून कारच्या फेरनोंदणीचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारसाठी ते १०,००० केलं गेलं. भाड्याने चालणाऱ्या गाड्यांचे नियम वेगळे आणि कडक आहेत, त्यांना इथलं लागू करू नका.

गाडी खरंच संपली असेल तर ती नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या. तिथे तशाच नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के मिळावेत असं केंद्राचं धोरण सांगतं, म्हणजे सहा लाखांच्या गाडीवर २४ ते ३६ हजार. शिवाय एक प्रमाणपत्र मिळतं. नवी गाडी घेताना ते दाखवलं की नोंदणी शुल्क माफ होतं आणि रोड टॅक्समध्ये राज्याने ठरवलेली सूट मिळते. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के कर लागतो, म्हणून ही सूट छोटी समजू नका. रस्त्याकडेच्या भंगारवाल्याला गाडी दिली तर चार पैसे लगेच मिळतील, पण प्रमाणपत्र मिळणार नाही आणि आरटीओच्या नोंदीत ती गाडी तुमच्याच नावावर जिवंत राहील.

नवी गाडी घ्यायचं खरं कारण

माझ्या मते ते आहे सुरक्षितता. चालकासाठी एअरबॅग, एबीएस ब्रेक (जोरात दाबले तरी चाकं जाम होऊ न देणारे), सीट बेल्ट लावा म्हणून वाजणारी सूचना हे सगळं नव्या गाड्यांत सक्तीचं झालं २०१९ मध्ये. शेजारच्या सीटची एअरबॅग २०२२ पासून. माझ्या २०१२ च्या गाडीत यातलं काहीही नाही, आणि कोणताही मिस्त्री ते बाहेरून बसवून देऊ शकत नाही. गावातल्या गावात, शाळेपर्यंत, वावरापर्यंत ताशी चाळीसने जाणाऱ्याला याचा फरक कमी पडेल. पण जालन्याला किंवा संभाजीनगरला समृद्धी महामार्गावर चढून ताशी १२० च्या मर्यादेत तीनशे-चारशे किलोमीटर जायचं असेल, दर आठवड्याला जायचं असेल, लेकरं मागे बसलेली असतील, तर वर मांडलेला सगळा हिशोब बाजूला ठेवा. तिथे वर्षाचे नव्वद हजार कशासाठी जातात हे स्पष्ट आहे.

जुनी गाडी ठेवून कधीमधी समृद्धीवर जाणाऱ्यांनी निदान टायरचं वय पाहावं. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१८ असेल तर २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी शाबूत असली तरी उन्हात रबर कडक होतं, आणि तापलेल्या काँक्रीटवर तासन्‌तास वेगाने पळताना असा टायर फुटण्याचा धोका वाढतो.

भरवशाचाही प्रश्न आहे. घरात डायलिसिसचा रुग्ण आहे, आठवड्यातून दोनदा लातूरला न्यावं लागतं, अशा घरात गाडी वर्षातून तीनदा रस्त्यात बंद पडणं परवडत नाही. त्याची किंमत माझ्या कोष्टकात कुठेच धरलेली नाही. ती ज्याने त्याने धरावी.

पुरात बुडालेली गाडी

सप्टेंबर २०२५ च्या पावसाने मांजरा, सिंदफणा, तेरणा, सीना काठच्या कित्येक गावांत दारातल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाडीचा विचार पूर्ण वेगळा आहे. पहिली गोष्ट: चावी फिरवू नका. इंजिनात पाणी शिरलेलं असताना ते सुरू केलं तर पिस्टन हवेऐवजी पाणी दाबायला जातो. पाणी दाबलं जात नाही, मग आतला रॉड वाकतो आणि काही हजारांचं काम लाखावर जातं. गाडी ओढून न्या.

पाणी सीटच्या खाली राहिलं असेल तर बहुतेकदा वाचवता येते. डॅशबोर्डपर्यंत चढलं असेल तर वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक्स वर्षभर एकामागून एक त्रास देत राहतात. थर्ड पार्टी विम्यात यातलं काही मिळत नाही. पूर्ण विम्यात पुराचं नुकसान मिळतं, पण बुडालेली गाडी सुरू केल्यामुळे बिघडलेलं इंजिन त्यात सहसा बसत नाही, त्याला वेगळं जोडकलम घ्यावं लागतं. दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत धरते आणि ती किंमत देते. पुढची काही वर्षं जुनी गाडी घेताना गालिचा उचलून खाली गाळाचा वास येतो का, सीट बेल्ट पूर्ण ओढून शेवटच्या टोकाला मातीचा डाग आहे का, हे पाहा.

हप्ता महिन्याला, पैसा सुगीला

गाडी विकणारा फक्त हप्ता सांगतो. "महिन्याला साडेबारा हजार, गुरुजी, तुम्हाला काय अवघड." पगारदाराला कदाचित नसेल. पण सोयाबीन आणि कापसावर घर चालतं त्यांच्याकडे पैसा दिवाळीच्या आसपास येतो आणि हप्ता बाराही महिने जातो. ट्रॅक्टरला सहामाही हप्ते मिळतात, कारला सहसा मासिकच. एखादं वर्ष पावसाने गिळलं की जून-जुलैत बी-बियाणांचे पैसे हप्त्याला जातात. म्हणून शेतीवर भिस्त असणाऱ्यांनी वर्षाच्या खर्चाइतकाच विचार याचाही करावा: एक हंगाम पूर्ण गेला तर हे बारा हप्ते कुठून येतील?

जीएसटीची कपात चांगली आहे. छोट्या पेट्रोल गाडीवर आधी उपकरासह २९ टक्के कर होता, आता १८, त्यामुळे किंमत साधारण साडेआठ टक्क्यांनी उतरते. पण सुट्या भागांवरचा करही १८ टक्क्यांवर आला आहे, म्हणजे दुरुस्तीही थोडी स्वस्त झाली. आणि नव्या गाड्या उतरल्या की जुन्यांचे भावही खाली येतात, तेव्हा जुनी विकून नवी घेणाऱ्याचा फायदा दिसतो तेवढा राहत नाही.

आम्ही काम करून घेतलं. मिस्त्रींनी सांगितलेल्या ४२,००० चे ४३,८०० झाले, क्लच उघडल्यावर आणखी एक बेअरिंग निघालं. आता डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही आहे, तिच्यात तारीख, किलोमीटर, काम आणि रक्कम लिहितो. मार्च २०२७ ला फेरनोंदणी आहे. तेव्हा मिस्त्री पुन्हा गाडी वर घेऊन खालून ठोकून पाहतील. धाकटी तोपर्यंत संभाजीनगरला शिकायला गेली आणि दर पंधरा दिवसांनी जाणं-येणं सुरू झालं, तर टणटण आवाज आला तरी मी गाडी विकेन. विकताना फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून, आरटीओत नाव बदललेलं स्वतः पाहून मगच विषय संपवीन, कारण नाव बदलेपर्यंत त्या गाडीने कुणाला धडक दिली तर भरपाईसाठी कोर्ट नोंदीतल्या मालकाला शोधत येतं.